बोर्ड खालून वाचायचा

काळेवाडीत मुख्य रस्त्यापासून जरा आत, पिठाच्या गिरणीला लागून चिमाजी भांगे यांचं फ्लेक्सचं दुकान आहे. या भागात कुणाचा वाढदिवस असो, कुणी सोसायटीचा चेअरमन होवो, नाहीतर कुणी देवाघरी जावो, बातमी आधी चिमाजींच्या कॉम्प्युटरवर येते आणि मग चौकात लागते. आता हे गावच असं झालंय, की बोर्ड लागल्याशिवाय माणूस जन्मल्यासारखाही वाटत नाही आणि गेल्यासारखाही वाटत नाही. त्याला चिमाजी तरी काय करणार? त्यांनी आपलं काम इमानेइतबारे केलं.

मूळचे ते धाराशिवकडचे. तरुणपणी चाकणच्या एका कंपनीत हेल्पर म्हणून आले. अक्षर वळणदार होतं, म्हणून साहेबांनी त्यांना भिंतीवर सुरक्षेच्या सूचना रंगवायला लावलं आणि त्या दिवसापासून हेल्परकी सुटली ती सुटलीच. ट्रकच्या पाठी रंगवल्या, दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग फ्लेक्स आलं आणि एका झटक्यात ब्रश कोपऱ्यात पडला. चिमाजी हात चोळत बसले नाहीत, कॉम्प्युटर शिकले. पण एक गोष्ट त्यांना तेव्हाच कळली. ब्रशनं लिहिताना एकेका अक्षरापाशी थांबावं लागायचं, त्यामुळे चूक होताहोताच दिसायची. टाइप करताना बोटं पुढे पळतात आणि डोळे बोटांवर विश्वास ठेवतात.

"आपलं लिवलेलं आपल्याला दिसत न्हाई बगा," ते गिऱ्हाइकांना समजावून सांगायचे. "आपल्याला ठाऊक असतंय काय लिवायचं होतं ते. मग डोळे कशाला कष्ट घेतेत? मनातलंच वाचून मोकळे होतेत."

गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि काही ऐकायचं नाही. चिमाजी तयार बोर्डाचा फोटो त्याच्या मोबाइलवर पाठवायचे, नीट वाचून कळवा म्हणायचे, आणि फोटो उघडायच्या आत तिकडून 'ओके' यायचं. बोर्ड चौकात लागला, शेजाऱ्यानं चूक दाखवली, की तेच गिऱ्हाईक दुकानावर चाल करून यायचं. म्हणून चिमाजींनी दुकानाचा एक नियम करून टाकला. गिऱ्हाईक वाचो न वाचो, कौशल्याबाईंनी वाचल्याशिवाय बोर्ड छापायला जायचा नाही.

कौशल्याबाई म्हणजे त्यांची बायको. शाळा चौथीत सुटलेली. दुकानात यायच्या त्या शेजारच्याच घरातून डबा घेऊन, आणि मग दुपारभर तिथेच बसायच्या. एकदा छापून आलेला बोर्ड दुकानात जमिनीवर अंथरला होता आणि त्या नेमक्या त्याच्या पायथ्याशी बसल्या होत्या. समोर होती ती ओळ त्यांनी बोट ठेवून मोठ्यानं वाचली, मग तिच्या वरची, मग तिच्या वरची. असं उलटं वर सरकत गेल्या आणि चिमाजींच्या नजरेतून निसटलेली चूक त्यांना सापडली. तेव्हापासून त्यांनी वाचायची ती रीतच धरली. खालून वर, बोट ठेवून आणि मोठ्यानं. 

"अगं, सरळ वाच की जरा," चिमाजी वैतागायचे.

"सरळ तुमी वाचा. तुमी डोक्यातलं वाचायलाव, मी बोर्डावरलं वाचायले."

रहाटणीच्या रंगरावांचं घर या बाईंमुळे वाचलं, असं रंगराव स्वतःच सांगतात. जुन्या गावकऱ्यांचं घराणं, भावकी मोठी, आणि मानापमान त्याहून मोठे. वडिलांच्या पहिल्या वर्षश्राद्धाच्या बोर्डाचा मजकूर रंगरावांनी स्वतः लिहून आणला होता, घरी पुन्हा पुन्हा वाचून आणला होता. कौशल्याबाई खालून वर बोट सरकवत गेल्या आणि मध्येच थांबल्या.

"भाऊ, दादासाहेबांचं नाव कुटंय?"

दादासाहेब म्हणजे रंगरावांचा सख्खा धाकटा भाऊ. सगळी चुलत-मावस मंडळी बोर्डावर होती आणि सख्खा भाऊच नव्हता! रंगरावांना घाम फुटला. "आवो वैनी, मी एवढ्या डाव वाचलं," ते म्हणाले, "पण त्यो हाय असंच वाटत व्हतं. त्यो नसंल कसा?"

तसा बोर्ड लागला असता तर दोन्ही भावांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नसतं. त्या दिवसापासून रंगराव दुकानावरून जाताना कौशल्याबाईंना हात जोडल्याशिवाय पुढे जायचे नाहीत.

एखादी चूक कौशल्याबाईंच्याही नजरेतून सुटायची. मग चिमाजी स्टिकरची पट्टी कापायचे, शिडीवर चढून ती चुकलेल्या जागी चिकटवायचे आणि हवेचे फुगे राहू नयेत म्हणून तळव्यानं दाबून दाबून बसवायचे. खाली उतरले की म्हणायचे, "वाच गं." कौशल्याबाई रस्त्यात उभ्या राहून, येणाऱ्याजाणाऱ्याची पर्वा न करता, सगळा बोर्ड पुन्हा खालून वर वाचायच्या. श्रद्धांजलीच्या बोर्डात चूक राहिलेली मात्र त्यांना मुळीच खपायची नाही. वाढदिवस काय, पुढच्या वर्षी परत येतो. मेलेल्या माणसाचा बोर्ड एकदाच लागतो, असं त्या म्हणायच्या. आणि मग चिमाजींना डिवचायच्या, "माझ्या बोर्डात चूक केलाव तर वरून उतरून येईन वाचायला. सोडायची न्हाई तुमाला."

"तू कशाला आदी जातीस? माझाच बोर्ड तू वाचशील," चिमाजी म्हणायचे.

ते तसं झालं नाही.

गेल्या दिवाळीला करिष्मा माहेरी आली. चिमाजींची थोरली, मारुंजीला दिलेली. उंबऱ्यातूनच तिनं आईकडे पाहिलं आणि हातातली पिशवी खाली ठेवायची विसरली. "आई, काय झालंय तुला? किती वाळलीस!"

"काय न्हाई गं, हाय तशीच हाय ती," चिमाजी आतून म्हणाले. आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांना ती खरंच तशीच दिसत होती. रोज शेजारी बसणारी, रोज ताटात भाकरी वाढणारी बाई. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या होत्या, अर्धी भाकरी परत टोपल्यात जात होती, आणि त्यांनी यातलं काही पाहिलं नव्हतं. आपली बायको कशी दिसते हे त्यांना ठाऊक होतं. मग डोळे कशाला कष्ट घेतात?

करिष्मानं आणि समर्थनं, म्हणजे तिच्या धाकट्या भावानं, आईला दवाखान्यात नेलं. आजार पोटात पार पसरलेला निघाला. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? समर्थ चाकणला कंपनीत शिफ्टवर जाणारा पोरगा, त्यानं मान खाली घातली. डॉक्टरांनी सहज विचारलं असेल, पण चिमाजींच्या काळजात तो प्रश्न रुतला तो कायमचा. उन्हाळा लागायच्या आत कौशल्याबाई गेल्या.

दशक्रियेचा बोर्ड कुणी करायचा यावरून घरात थोडी कुजबुज झाली. समर्थ म्हणाला, "पप्पा, मी चिंचवडहून करून आणतो. तुम्ही नका बसू त्याला."

"माझ्या दुकानाची मालकीण ती. तिचा बोर्ड दुसऱ्याकडून आणायचा व्हय?" चिमाजी म्हणाले.

"मग मला वाचायला द्या," करिष्मा म्हणाली.

तेही त्यांनी ऐकलं नाही. जितेपणी बाईकडे बघायला आपल्याला सवड झाली नाही, निदान एवढं तरी आपल्या हातानं, चूक न होऊ देता झालं पाहिजे. हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. देण्यासारखं तेवढंच त्यांच्यापाशी उरलं होतं.

ते दिवसभर बसले. करिष्माच्या लग्नातला फोटो घेतला, ज्यात कौशल्याबाई कुणावर तरी रागावता रागावता हसत होत्या. पांढरं पान ठेवलं, झेंडूची झालर नको, दिवे नकोत, काही नको. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', फोटोखाली 'कै. सौ. कौशल्याबाई चिमाजी भांगे', मग दशक्रियेचा दिवस, पवना नदीवरचा घाट, आणि खाली 'शोकाकुल' म्हणून घरच्यांची नावं. वरून खाली वाचलं. मग तिच्या रीतीप्रमाणे खालून वरही वाचलं, पण मनातल्या मनात. मोठ्यानं वाचायला आवाज फुटत नव्हता. कुठे काही खटकलं नाही. बोर्ड छापून आला आणि समर्थनं तो दुकानाच्या शटरवर लावला.

सोयरे यायला लागले. बोर्डाखाली चपला काढायचे, चिमाजींच्या गळ्यात पडायचे, शेजारी घरात जाऊन करिष्मापाशी बसायचे. बोर्डाकडे पाहून काही जण एकमेकांकडे पाहत, मग दुसरंच काही बोलत. करिष्मा पहिल्याच दिवशी बोर्ड बघायला बाहेर आली होती आणि पदर तोंडाला लावून आत पळाली होती. चिमाजींना वाटलं, आईचा फोटो पाहून पोरीला भरून आलं असणार.

दशक्रियेच्या आदल्या दिवशी रंगराव आले. आल्याबरोबर सवयीनं हात जोडले, ते बोर्डावरच्या फोटोला. मग जोडलेले हात तसेच राहिले. बाकावर येऊन बसले, चहा नको म्हणाले, पाण्याचा पेला नुसता फिरवत बसले. एरवी चौक दणाणून सोडणारा हा गडी.

"चिमाजी," शेवटी ते म्हणाले, "बोर्ड वाचलाय न्हवं?"

"वाचलाय की. काय झालं?"

"वैनी वाचायच्या तसा वाचला व्हता का? मोठ्यानं?"

चिमाजी उठले. रस्त्यात जिथे कौशल्याबाई उभ्या राहायच्या तिथेच जाऊन उभे राहिले आणि लांबूनच बोट धरून, मोठ्यानं, खालून वाचू लागले. "आणि समस्त भांगे परिवार. सौ. करिष्मा. चि. समर्थ. श्री. चिमाजी व सौ. कौशल्याबाई भांगे."

वाचून ते वरच्या ओळीवर जाणार होते. पण कानावर पडलेलं त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. बोट हवेत राहिलं.

दुकानाच्या उद्घाटनाचा बोर्ड, पोरीच्या लग्नाचा बोर्ड, दरवर्षीच्या सत्यनारायणाचा बोर्ड. घरच्या प्रत्येक बोर्डावर ही एकच ओळ त्यांनी टाइप केली होती. बोटांना दुसरी ओळ येतच नव्हती. आपल्या नावापुढे तिचं नाव नाही, असं कधी झालंच नव्हतं. आणि इतक्या वेळा वाचूनही त्यांना त्यात चूक दिसली नव्हती, कारण त्यांच्या लेखी त्यात चूक नव्हतीच. कौशल्याबाई वर फोटोत गेल्या होत्या आणि खाली नवऱ्याशेजारी उभ्या राहून स्वतःसाठी शोक करत होत्या. सगळ्या गावानं ते वाचलं होतं आणि सांगायला कुणाची जीभ रेटली नव्हती.

"कुणी हसलं न्हाई, चिमाजी," रंगराव मागून म्हणाले. "आईची आन, कुणी हसलं न्हाई. ऱ्हाऊ द्या म्हणलं तरी चालंल."

"न्हाई भाऊ. तिला खपायचं न्हाई."

समर्थ पुढे झाला तर त्याला त्यांनी हातानं मागे सारलं. पांढऱ्या स्टिकरची पट्टी स्वतः मापून कापली. शिडी लावली, चढले. आख्ख्या ओळीला पट्टी मारून वर नव्यानं छापून लावायची खरी पद्धत, पण छापून आणायला वेळ लागला असता आणि उद्या घाटावर जायचं होतं. त्यांनी फक्त 'व सौ. कौशल्याबाई' एवढ्यावरच पट्टी ठेवली. एका कडेनं चिकटवत गेले तसं नाव अक्षराअक्षरानं आत गेलं. मग तळव्यानं दाबलं, पुन्हा दाबलं. फुगा एकही नव्हता, तरी कितीतरी वेळ ते दाबतच राहिले.

खाली उतरले, दोन पावलं मागे सरले, आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "वाच गं."

गिरणी तेवढी चालू होती. मग दारात उभी असलेली करिष्मा डोळे पुसत पुढे आली, बापाशेजारी आईच्या जागी उभी राहिली आणि तिनं बोट वर केलं.

"आणि समस्त भांगे परिवार," ती वाचू लागली. "सौ. करिष्मा... चि. समर्थ... श्री. चिमाजी..."

पट्टीपाशी तिचं बोट अडलं. चिमाजी आणि भांगे यांच्यामध्ये पांढरी कोरी जागा होती.

"वाच की पुढं," चिमाजी म्हणाले. "तिथं आता कुणी न्हाई."