ताकाची चूळ आणि चार गोधड्या

शुक्रवार, दिनांक २४ जानेवारी २०२५ रोजी संध्याकाळी फुलवंताबाईच्या हातात रोख दोन हजार तीनशे पन्नास रुपये पडले. तीन मोठ्या गोधड्यांचे प्रत्येकी सातशे आणि तान्ह्या बाळाच्या लहान गोधडीचे अडीचशे. शेठाणी झमकूबाईंनी नोटा दोनदा मोजून दिल्या. फुलवंताबाईने न मोजता कनवटीला लावल्या. सव्वीस वर्षांत या घराचा हिशोब कधी चुकला नव्हता, आणि सव्वीस वर्षांत या घरातून तिची एकही गोधडी परत आली नव्हती.

नंदुरबारात तिची अशी सहा घरं होती. थंडीचे तीन-चार महिने ती मिरची वाळत घालतात त्या पथारीवर देठ खुडायला जाई, रात्री आणि उरलेलं वर्ष सुईवर काढी. नवरा जाऊन अठरा वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन शहाद्याला होती. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, रेघ ओळंब्यासारखी सरळ. तिची गोधडी पाठीला टोचत नाही, असं बायका एकमेकींना सांगत. जाहिरात म्हणावी तर एवढीच, पण तेवढ्यावर तिचं पोट चाललेलं होतं.

तिची एक गोष्ट मात्र त्या सहा घरांना ठाऊक नव्हती. तिला वास येत नव्हता. चार वर्षांपूर्वीच्या तापात नाक जे गेलं ते परत आलंच नाही. दूध उतू गेलं तर सळसळ ऐकू येई, करपलं तर खाताना कळे, तेही नीट नाही. एकट्या बाईच्या घरात याचं कोणाला काय! पण धंद्यात त्याने अडत होतं. गोधडी जुन्या कापडाची, आणि या गावात मिरचीचा धंदा करणाऱ्या घरातलं जुनं कापड कधीतरी मिरचीला लागलेलं असतंच. कोणी पोत्यावर झाकलेलं, कोणी तिखट चाळायला घेतलेलं. म्हणून इथल्या गोधडीवालीचं पहिलं काम सुईचं नसतं, नाकाचं असतं. एकेक कापड नाकाशी धरायचं, ठसका आला की बाजूला टाकायचं. पाण्याने रंग जातो, तिखट जात नाही.

फुलवंताबाईने त्यावर तोड काढली होती. शेजारची नानीबाई आली की ती सहज बोलल्यासारखं म्हणे, "देख वं, याले कसाना वास येस?" नानीबाई हुंगे, नाक मुरडे, आणि काम होऊन जाई. या खेपेला नानीबाई दिवाळीलाच लेकीच्या बाळंतपणासाठी धानोऱ्याला गेली ती परतलीच नाही. फुलवंताबाईने कापडं दोन पाण्यांनी धुतली, उन्हात वाळवली, देवाचं नाव घेतलं आणि सुई ओवली.

तिकडे झमकूबाईंच्या, म्हणजे घेवरचंद शेठजींच्या घरी दिवाळीपासून आवराआवर चालली होती. लेक रूपल सुरतेला दिलेली. बाळंतपण तिकडेच झालं. आता तीन महिन्यांची मुलगी घेऊन ती पहिल्यांदा माहेरी येणार होती, आणि सोबत तिची सासू. सून फाल्गुनीने घराचा ताबा घेतला. ठेवायचं, द्यायचं, टाकायचं, असे तीन ढीग केले. झमकूबाई प्रत्येक ढिगापाशी उभ्या राहत.

"मम्मीजी, पंधरा वर्षांत या डब्याला कोणी हात लावला नाही."

"म्हणून तर तो अजून धड आहे, बिनणी," झमकूबाई सुनेला म्हणत.

कोठीघरातली जुनी सुती लुगडी, धोतरं, चादरी असं सगळं फाल्गुनीने एका मोठ्या गाठोड्यात बांधलं आणि गोधड्यांसाठी फुलवंताबाईकडे धाडलं. त्या कोठीत एक छोटं बोचकं वेगळं होतं, तीन गाठी मारलेलं. फाल्गुनीने तेही सोडून त्यातच टाकलं. तीन गाठींचा अर्थ तिला कोणी सांगितला नव्हता आणि तिने विचारलाही नव्हता.

शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास फुलवंताबाई याच शेठजींच्या पथारीवर पोचली. अजून मिरचीला हात लावला नव्हता. शेठजींचा मुकादम सुरुपसिंग पोती उलटीपालटी करत वैतागला होता.

"चाळायचं लुगडं कुठं गेलं? मरून रंगाचं, जुनं. दोन दिवस शोधतोय."

"ते तं मांगला वरीसले शेठना घर धाडं व्हतं ना," देठ खुडणारी वत्सलाबाई म्हणाली.

"घरी विचारलं. कोठीतलं सगळं जुनं कापड धाकल्या शेठाणीने साफसफाईत काढून दिलं म्हणे, गोधड्यांत." सुरुपसिंग हसला. "जो पांघरेल त्याला थंडी वाजायची नाही!"

बायका खदखदल्या. फुलवंताबाई हसली नाही. ते मरून लुगडं तिच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. मऊसूत, वापरून वापरून लोण्यासारखं झालेलं. लाल कापडावर लाल डाग दिसत नाही. ते तिने आतल्या थराला घातलं होतं. पण चारांतल्या कोणत्या गोधडीत? दोन महिन्यांत कितीतरी तुकडे हाताखालून गेले होते. एवढंच आठवत होतं की कापड फार मऊ होतं, आणि मऊ कापड आपण लहान बाळासाठी राखतो.

पाहुण्यांची सुरतेची गाडी आजच साडेअकराला यायची होती. फुलवंताबाई पदर खोचून रस्त्यावर आली आणि आयुष्यात पहिल्यांदा एकटीसाठी रिक्षा केली.

घर आरशासारखं लखलखत होतं. दारात रांगोळी, पायपुसणी नवी, कोठीला कुलूप. फाल्गुनीने दार उघडलं आणि तिचा चेहरा पडला.

"मावशी, आज? आता पाहुणे येतील."

"एक टाका सुटेल शे असं वाटी ऱ्हायनं माले. देखी लेस, पाच मिनिट."

"सगळ्या गादीवर घातल्यात. छान दिसताहेत, राहू द्या ना."

"देखू तं दे, माय. आनि वाटीभर ताक शे का?"

"ताक?" फाल्गुनीला काही समजेना, पण पाहुणे यायच्या दिवशी वाद नको म्हणून तिने तांब्याभर ताक आणि एक वाटी आणून दिली. बाई दमून आली असेल, असं तिला वाटलं.

फुलवंताबाईने खोलीचं दार लोटून घेतलं. बोटांचा उपयोग नव्हता. बोटं मिरचीने कधीच बधिर झाली होती. राहता राहिली जीभ; तिखटाचा चटका तिला अजून कळे. जीभ साफ करायला तिने ताकाची चूळ भरली, मोरीत टाकली आणि सगळ्यात आधी बाळाची गोधडी उचलली. मधोमध, टाक्यांच्या दोन रेघांत, जिभेने कापड ओलं केलं, ओठ दाबून धरले आणि मनात वीस आकडे मोजले. काही नाही. पुन्हा थोडं बाजूला. काही नाही. तिने श्वास सोडला. देव पावला, बाळ वाचलं.

निळ्या काठाची मोठी गोधडी, चार ठिकाणी. काही नाही. ताकाची चूळ. पिवळ्या काठाची. काही नाही. पुन्हा चूळ. तिसरी, हिरव्या काठाची, पायांकडच्या बाजूला तिने जीभ लावली आणि दहा आकडे व्हायच्या आत ओठांवर निखारा ठेवल्यासारखं झालं. डोळ्यांतून पाणी आलं. सापडली.

त्याच वेळी दार उघडलं. सकाळचं सामायिक, म्हणजे जपध्यान आटोपून, तोंडावर बांधायची मुखवस्त्रिका हातात घेऊन झमकूबाई उभ्या होत्या. समोर फुलवंता, तोंडाला गोधडी लावलेली, डोळे गळताहेत, बाजूला ताकाचा तांब्या.

"अवं फुलवंता," झमकूबाई सावकाश म्हणाल्या, "गोधडी पांघरतस. खातस नही."

फुलवंताबाईला एक खोटं तयार सुचलं होतं. सुटलेला टाका. ते बोलली असती तर हिरव्या काठाची गोधडी दुरुस्तीला म्हणून घेऊन निघून जाता आलं असतं, आणि कोणाला काही कळलं नसतं. तिने गोधडीची घडीही केली. पण घडी करता करता नजर बाळाच्या गोधडीवर गेली. मधोमध दोनच ठिकाणी पाहिलं आपण. मऊ कापडाचा उरलेला तुकडा आपण फेकतो का कधी?

ती ताकाची चूळ भरून झमकूबाईंसमोरच खाली बसली, बाळाची गोधडी मांडीवर घेतली आणि कोपऱ्यांना जीभ लावू लागली. पहिला. दुसरा. तिसरा. चौथ्या कोपऱ्याला, जिथे बाळाचं डोकं आलं असतं, तिथे ओठ पेटले.

"मिरची शे," ती म्हणाली. "चाळाना लुगडानी. या मोठी गोधडीमा बी शे, नि पोरना कोपरामा बी."

झमकूबाईंच्या हातातून मुखवस्त्रिका पडली. त्यांनी गोधडी ओढून नाकाला लावली आणि लागोपाठ तीन शिंका दिल्या. "कालदिन धरी वास येस! माले वाटनं पथारीवरथून वारा ई ऱ्हायना. तुले शिवतांना समजनं नही?"

"माले वास येत नही, शेठानी. चार वरीस व्हयनात."

झमकूबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

"चार वरीस? आनि मन्हा घरन्या गोधड्या?"

"नानीबाई हुंगी दे. औंदा ती धानोराले गयी."

फाल्गुनी दारात येऊन थिजली होती. तिला हळूहळू उमगत होतं. "ते छोटं बोचकं... तीन गाठींचं... मम्मीजी, ते मी सोडलं होतं. मिरचीच्या कापडाची खूण होती का ती?"

झमकूबाई सुनेकडे वळल्या. दिवाळीपासूनचे सगळे ढीग, सगळे डबे आता त्यांच्या जिभेच्या टोकावर आले होते. पण फुलवंताबाई आधी बोलली.

"कापड कोनी बी देवो. हुंगानं काम मन्हं व्हतं. कैची दे, माय. कोपरा कापना पडी."

मग पाऊण तास त्या खोलीत कोणी कोणाला दोष दिला नाही, कारण वेळच नव्हता. चिमटीने टाके उसवले. आत खरंच मरून तुकडा निघाला, वीतभर लांब. तो प्लास्टिकच्या पिशवीत बांधला. शेजारचे थरही चार बोटं जास्तच कापले. फाल्गुनीने हात साबणाने धुऊन आपल्या सुती ओढणीची पट्टी फाडून दिली, फुलवंताबाईने काठ वळवून टाके घातले. शेवटची गाठ मारल्यावर तिने ताकाची चूळ भरून गोधडीला पुन्हा बारा ठिकाणी जीभ लावली. झमकूबाईंनी इंच इंच हुंगलं, आणि एवढ्यावर न थांबता गोधडी आपल्या मिटल्या डोळ्यांवर दाबून धरली. फाल्गुनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. एक मिनिट. दोन मिनिटं. झमकूबाईंनी डोळे उघडले. कोरडे होते.

तेवढ्यात पाहुण्यांना आणायला गेलेल्या फाल्गुनीच्या नवऱ्याचा, अभिनंदनचा, स्टेशनवरून फोन आला. गाडी वेळेवर होती.

पाहुणे आले. ओवाळणं झालं, पाणी झालं. बाळाला गोधडीवर ठेवलं. रूपलच्या सासूबाई सुरतेच्या कापडबाजारातल्या घरातल्या. त्यांचा हात आधी बाळावर नाही, कापडावर गेला. टाके पाहिले, काठ पाहिला. बोट चौथ्या कोपऱ्यावर थांबलं.

"हा कोपरा असा तिरका का?"

मोरीत तांब्या विसळत असलेल्या फुलवंताबाईचे हात थांबले. फाल्गुनीने ट्रे घट्ट धरला.

"नजर लागू नये म्हणून," झमकूबाई म्हणाल्या. "सगळं नीटनेटकं असू नये लेकराचं. आमच्याकडे असंच शिवतात." आणि या खोट्याची क्षमा मागत मनातल्या मनात त्यांनी 'मिच्छामि दुक्कडम्' म्हटलं.

"चांगली पद्धत आहे," सासूबाई म्हणाल्या आणि चहाकडे वळल्या. बाळाने कोपऱ्याची कड मुठीत धरली, तोंडाशी नेली, चोखली. झमकूबाई, फाल्गुनी आणि मोरीच्या दारातून फुलवंताबाई बघत राहिल्या. बाळ चोखत चोखत झोपलं.

मागच्या दारी फुलवंताबाईने हिरव्या काठाची गोधडी काखेत मारली आणि कनवटीतून पाचशेची नोट काढली.

"गोधडी परत लई चालनू, पैसा बी परत. दोनशे कमी शेतस. बाकीना समदा कालदिन किराणावालानी उधारीमा दिधा."

"मी मागितले का?" झमकूबाई म्हणाल्या.

"नही. पन सव्वीस वरीसमा पहिली परत ऱ्हायनी."

झमकूबाईंनी नोट घेतली नाही, तेव्हा तिने ती खिडकीत तांब्याखाली ठेवली. झमकूबाई म्हणाल्या, "पुढला वरीसले कापड मी हुंगी देसू. बाकी घरले सांगानं का नही, ते तुन्हं तू देख. मी बोलाव नही."

फुलवंताबाईने देखलं. रविवारी काम नसतं, तेव्हा ती उरलेल्या पाचही घरी स्वतः गेली आणि उंबऱ्यातच सांगितलं, माले वास येत नही, कापड तुम्ही हुंगीसन द्या. दोन घरांनी पुन्हा बोलावणं पाठवलं नाही. एका घरात म्हातारीने हसून स्वतःचंही नाक तसंच गेल्याचं सांगितलं आणि सुनेला हुंगायला बसवलं. दोन घरं काही न बोलता आधीसारखीच राहिली. सहाची चार घरं झाली.

मरून लुगड्याचे तुकडे उसवून तिने शेणखळीजवळ, उकिरड्यापाशी, खड्डा करून पुरले. हिरव्या काठाची गोधडी नव्या कापडाची करून तिने होळीआधी पोचती केली. या वेळी त्या गोधडीची मजुरी तिने घेतली नाही, आणि झमकूबाईंनी ती पुढच्या कामात धरू असं सांगितलं. पाहुण्यांच्या दिवशी परताव्यात कमी पडलेले दोनशे रुपये मात्र वेगळे आहेत. ते फुलवंताबाईच्या हिशोबात अजून द्यायचे आहेत.