मामाच्या वळणावर

वहिनीचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. "वन्सं, हे गेले..." एवढंच ती बोलली. माझा थोरला भाऊ, अण्णा, झोपेतच गेला. त्याला आता दीड महिना होईल. रडू आलं, पण रडण्याच्या आधी भीती आली, आणि ती अजून गेलेली नाही.

अण्णा बेळगावात साड्यांच्या दुकानात होता. मोरपंखी रंग कुठला, रामा कुठला, हे तो लांबूनच सांगायचा. मात्र दिवेलागणीला आमच्या कंग्राळी गावच्या वाटेवर हाच माणूस माझा हात घट्ट धरून चालायचा. कोंबड्यांबरोबर झोपणारा म्हणून लहानपणी आम्ही त्याला चिडवायचो. त्याला ताट दिसावं म्हणून आमची भाऊबीज भर दुपारी व्हायची. पुढं डॉक्टरांनी उलगडून सांगितलं. डोळ्याच्या पडद्यात अंधुक उजेडात पाहणाऱ्या दंडपेशी असतात आणि दिवसा रंग दाखवणाऱ्या शंकूपेशी. अण्णाच्या दंडपेशी मरत चालल्या होत्या.

"मग दिवसाचं तरी ऱ्हाईल न्हवं?" अण्णानं विचारलं.

शंकूपेशी दंडपेशींच्याच आधारानं जगतात, त्या गेल्या की याही हळूहळू जातात, डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. म्हणाले, अण्णाचा दोष आईकडून आलेला. तो बहिणीतही असू शकतो. तिला सहसा त्रास होत नाही, पण तिच्या मुलात उतरू शकतो. मुलाला तपासून घ्या. आज नेऊ, उद्या नेऊ, करत मी माझ्या ओंकारला नेलंच नाही. इकडे अण्णाचे रंग खरंच गेले. शेवटी तो साडी उन्हात नेऊन बघायचा आणि तरी रंग दुसऱ्याला विचारायचा. मग त्यानं दुकान सोडलं.

तेराव्याला बायका ओंकारकडे बघून म्हणाल्या, "पोरगं मामाच्या वळणावर गेलंय गं. चालणंसुदिक तसंच." कौतुकाचंच बोलणं ते, पण मला तिथं बसवेना. मी अंगणातल्या उन्हातून उठून अण्णाच्या खोलीत गेले. खिडकी बंद होती. आधी नुसता काळोख, मग हळूहळू खाट दिसली, खुंटीवरचा त्याचा सदरा दिसला. मी ओंकारला हाक मारली. "आत ये रं बाळा, दार लोटून घे." तो आला आणि दारापाशीच थांबला. डोळे सरावायला वेळ लागतो, सगळ्यांनाच लागतो, असं मनाशी घोकत राहिले. बाहेर पंगतीची पानं मांडून झाली, वाढूनसुद्धा झाली...

"आई," भिंत चाचपत तो म्हणाला, "कुठं हाईस तू?"

मी त्याच्या समोरच उभी होते. मला त्याच्या शर्टाची बटणं दिसत होती.