सोजरबाईचं बोट

कोंबडी तपासायची म्हणजे काय करायचं, हे शहरातल्या माणसाला सांगायला गेलं की तो नाक मुरडतो. मुरडू दे बापड्याला. सकाळी कोंबडी खुराड्यातून काढायची, काखेत धरायची आणि मागून बोट अलगद आत घालून बघायचं, आज अंडं आहे का नाही. असलं तर तिला डालग्याखाली झाकायची, म्हणजे बया शेजारच्या कडब्यात अंडं घालून येत नाही. नसलं तर सोडायची चरायला. सांगोल्याकडच्या वस्त्यांवर बायका हे रोज करतात. पण सोजरबाईसारखं बोट कुणाचं नाही. ती नुसतं अंडं आहे म्हणून थांबायची नाही, 'जेवणाच्या वक्ताला घालंल बघ' असंही सांगायची आणि कोंबडी तिचा शब्द पाळायची.

कुणाची कोंबडी बिनकवचाची, लिबलिबीत अंडी घालायला लागली की बायका मीठ-मिरच्या घेऊन दृष्ट काढायच्या. सोजरबाई अशी खवळायची! "मिरच्या कशाला जाळता गं? कवच करायला तिला चुना लागतो, त्यो तिनं कुटनं आणायचा? अंड्याची टरफलं भाजा, कुटा आन दाण्यात घाला." पंधरा दिवसांत अंडी धड यायला लागायची आणि दृष्ट काढणारी म्हणायची, बघा, उतरली की दृष्ट. असल्यांपुढं काय डोकं फोडायचं!

गेल्या सालापासून मात्र सोजरबाईला साखरेनं गाठलं होतं. आधी पायांना मुंग्या आल्या, मग बोटांच्या टोकांना. तव्याचा चटका बसलेला उशिरा कळायचा. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. वस्तीवर सकाळी पाच-सहा जणी कोंबड्या काखेत घेऊन तिच्या अंगणात यायच्या, त्यांना काय सांगायचं? ती अंदाजानं हो-नाही म्हणत राहिली आणि बरेच दिवस निभावलं.

शेजारची रुक्मिणी मंगळवारी तिची तांबडी कोंबडी घेऊन आली. रुक्मिणी वस्तीवर शिवणकाम करायची. तिच्याकडं ही एकच कोंबडी, आईनं दिलेली, आणि आई दिवाळीत गेलेली. सोजरबाईनं बघितलं, म्हणाली, "न्हाय अंडं. सोड." बुधवारीही तेच. गुरुवारी सकाळी तांबडी शेपूट पाडून, पिसं फुगवून कोपऱ्यात उभी राहिली. दाण्याला तोंड लावीना, सारखी कुंथायला लागली. रुक्मिणीचा नवरा नंदू सुरी घेऊनच बसला. मरायच्या आत कापावी, नाहीतर फुकट जाईल, हा सगळ्या वस्तीचा हिशेब.

रुक्मिणी पळत सोजरबाईकडं गेली. सोजरबाई आली, तांबडीच्या पोटाखाली तिनं तळवा धरला. तळव्याला अजून कळत होतं. आत टणक, गोल, जागच्या जागी अडकलेलं अंडं होतं. 

"मावशी, तुमीच न्हाय म्हणाला हुता की," नंदू म्हणाला.

"सुरी ठेव. घमेल्यात कोमट पाणी आण," सोजरबाई म्हणाली. पाण्यात तांबडीला पोटापर्यंत बसवलं. अर्धा तास गेला. डोळे मिटून कोंबडी गप्प बसली होती, पण अंडं हलेना. सोजरबाईनं बोट गोड्या तेलात बुडवलं आणि ती थांबली. बधीर बोटानं जोर किती लागतोय ते कळणार नव्हतं. अंडं आत फुटलं की कोंबडी गेली, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? अंगणात एव्हाना चार बायका जमल्या होत्या, सगळ्यांच्या नजरा त्या बोटावर.

"रुक्मिणी, तू घाल बोट," ती म्हणाली.

"मी? मला येत न्हाय वं मावशी."

"मला बी येत न्हाय आता. ये हितं."

धन्य त्या बाईची! चाळीस वर्षांची पत तिनं चारचौघींत अशी खाली ठेवली. मग ती रुक्मिणीच्या शेजारी बसून सांगत राहिली. नख वर नको. कडंकडंनं तेल लाव. दाबू नको, वडू नको, तिचं तिला ढकलू दे. रुक्मिणी मधेच थांबली, तर म्हणाली, "लई घाबरू नको. मशीनवर रेशीम शिवतीस तसंच हाय."

तेल लावून झाल्यावर तांबडीला अंधाऱ्या खोपीत पोत्यावर ठेवली आणि कुणी आत जायचं नाही असा दम दिला. उन्हं डोक्यावर आली तेव्हा आतून कोंबडीचा आवाज आला. पोत्यावर अंडं होतं, रक्ताचा एक बारीक डाग लागलेलं. रुक्मिणी ते हातात धरून रडायलाच लागली.

"सोजरबाईचा हातच तसा!" बायका म्हणाल्या.

"गप बसा," सोजरबाई कडाडली. "माज्या हातानं तर मेली असती ती. दोन दिस अंडं हुतं आन मी न्हाय म्हटलं. बोटं मेल्यात माजी. उद्यापास्नं कोंबड्या रुक्मिणीकडं न्यायच्या, समजलं?"

रुक्मिणीनं पुढं होऊन तिची बोटं आपल्या तेलकट हातात घट्ट धरली. सोजरबाई नंदूला टरफलं कुटायला सांगत होती. बोलता बोलता तिची नजर खाली गेली, तेव्हा कुठं तिला कळलं, कुणीतरी आपली बोटं धरलीत.