मेहुण्याचा तापलेला प्रोसेसर

माझा मेहुणा पाथरीत मास्तर आहे. त्याला शिकवायची सवय, शिकायची नाही. ऐन एप्रिलच्या उन्हात त्यानं घरच्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचा वेग वाढवला आणि तापमान पंच्याण्णव अंशांवर नेलं.

मी म्हणालो, "ऐंशीच्या आत ठेव. फार तापला की तो स्वतःच वेग कमी करतो."

"दाजी, तुमी लय भेता," म्हणत त्यानं कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडलं आणि सासूबाईंसमोरचा कूलर ओढून त्याच्या तोंडाशी लावला. ओल्या हवेनं आतलं सगळं दमट झालं. सासूबाई वर्तमानपत्रानं वारा घेत बसल्या आणि हा घामाघूम होऊन कूलरमध्ये बादल्या ओतत राहिला.

एवढा वेग कशाला हवा होता? शाळेची निकालपत्रकं टाइप करायला. तीही एका बोटानं.