विमानतळाच्या कुंपणाशेजारचा कबुतरबाज

माझा दीर शल्लाल आणि गावाबाहेरचा लष्करी विमानतळ एकाच वर्षी जन्मले. दोघांनीही जन्मभर कामापेक्षा आवाजच जास्त केला.

तळ बांधला इंग्रजांनी. आमची खरबुजांची शेतं सपाट केली, तंबू ठोकले, कुत्री पाळली. ते गेले, राजाची माणसं आली. मग राजा गेला आणि कर्नल आले. एकाची खुर्ची गरम होते न होते तोच दुसरा हजर. दर वेळी फाटकावरचं नाव बदलायचं आणि ते रंगवायला शल्लालला बोलावणं यायचं. त्याला वाचता येत नसे. कागदावर काढून दिलेलं तो तसंच्या तसं उतरवी. म्हणे, "वहिनी, सरकार कुठलंही येवो, रंग तेवढाच लागतो." धावपट्टीवरचे पांढरे पट्टेही त्याच्याच हातचे. मिळेल ते सगळं गच्चीवर पाळलेल्या कबुतरांच्या चोचीत.

आता कबुतरबाजाची साक्ष आमच्याकडे कोणी धरत नाही. शेजाऱ्याचं चुकलेलं पाखरू खुराड्यात कोंडून "मी पाहिलंच नाही" अशी शपथ घेणारे लोक ते! माझ्या मुलीच्या निकाहात मुल्लाने सख्ख्या काकाला साक्षीदारांतून उठवलं. काका हसत उठला आणि सगळ्यांच्या आधी जेवायला बसला.

एका उन्हाळ्यात सकाळी नवंकोरं विमान उडालं आणि लगेच धापा टाकत उतरलं. इंजिनात पिसं निघाली. दुपारी मोसुलकडचा एक कॅप्टन दोन शिपाई घेऊन आमच्या अंगणात.

"कबुतरं कुणाची?"

"माझी, साहेब. पण सकाळी ती गच्चीवरून हललीच नाहीत. हजरत अब्बासची शपथ!"

शिपाई फिस्सकन हसले. कॅप्टन म्हणाला, "कबुतरबाज शपथ घेतोय! दुसरं कुणी सांगणारं असेल तर आण. नाहीतर संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या माना मुरगळतो."

शल्लालच्या तोंडचं पाणी पळालं. सकाळी आम्ही बाकी सगळे शेतावर होतो. त्याच्याखेरीज घरी होती फक्त माझी सासू, हजला जाऊन आलेली हज्जा फिद्दा. आणि कबुतरांचा तिच्याइतका दुश्मन गावातलं मांजरही नव्हतं.

हज्जा तंदूरपाशी रोट्या थापत होती. कॅप्टनने विचारलं, तरी मान वर केली नाही.

"आई..." शल्लाल हळूच म्हणाला.

"आता बरी आई आठवली! एरवी पाखरांना दाणे मोजतोस आणि मला विचारतोस का, जेवलीस म्हणून?"

"आई, जीव जाईल गं त्यांचा."

हज्जाने रोटी तंदूरला चिकटवली. मग कॅप्टनकडे वळून म्हणाली, "उडाली असती तर बरं झालं असतं, बाळा. मेली सगळी माझ्या धुतलेल्या चादरींवर बसली होती. मी खालून चप्पल मारली, तरी ढिम्म. जा वर, बघ काय दशा केलीय!"

कॅप्टन वर गेला आणि नाक धरून खाली आला. साक्ष पटली होती.

"ठीक आहे. पण यापुढे विमानं वर असताना एकही पाखरू उडता कामा नये. शब्द द्या."

शल्लालने घाईघाईने हात पुढे केला.

"तू नको. हज्जा, तुम्ही द्या."

हज्जाने हाताचं पीठ झटकलं, शल्लालच्या कमरेची खुराड्याची किल्ली ओढून घेतली आणि स्वतःच्या ओढणीच्या टोकाला बांधली.

"किल्ली दे ना, आई," तो रात्री गयावया करू लागला.

"आधी चादरी धू."

दुसऱ्या दिवशी त्याने अख्ख्या गावादेखत चादरी धुतल्या. बायका हसून लोळल्या. किल्ली काही मिळाली नाही.

मरेपर्यंत ती हज्जाकडेच राहिली. रोज गच्चीवर चढून, कबुतरं उडवायची काळं फडकं बांधलेली काठी हातात घेऊन ती कुंपणापलीकडच्या बुरुजावरच्या शिपायाला ओरडायची, "अरे ए, तुमची पत्र्याची पाखरं अजून किती वेळ हिंडवणार? माझी खोळंबलीत!"

"एकच उतरायचंय, हज्जा!"

"मग उतरव की लवकर!"

खाली शल्लाल शिडी धरून उभा असायचा. "आई, ती पांढऱ्या शेपटीची दमलीय. तिला आज नको उडवू."

"गप रे, मला कळतं," हज्जा वरून म्हणायची.