अंजनाबाईंच्या डोळ्यांपुरतं लग्न

सक्करदऱ्याचा प्रेमानंद लग्नांचे व्हिडिओ काढतो. गिऱ्हाईक तारीख सांगतं आणि हा बुवा विचारतो, "पाहणारं कोन हाय? मोबाईल केवढा? पाहाले बसते कुठं?" लोक हसतात. पण बसमध्ये पाहणाऱ्या कुणाच्या भावाला तो आवाजाऐवजी अक्षरं देतो, भिंतीवरच्या टीव्हीसाठी वेगळी प्रत करतो. कामाला बसला की ती न पाहिलेली घरं त्याच्या डोळ्यांपुढे तरंगत येतात, त्यांच्या खिडक्या, तिथला उजेड. समोरचा चहा निवून जातो.

सुमतीच्या लग्नाची एक प्रत खाप्याला जायची होती, तिच्या आजीसाठी. अंजनाबाईंचा पाय मोडलेला, एका डोळ्यात मोतीबिंदू, मोबाईल तळहाताएवढा, आणि पाहायची जागा उन्हातलं अंगण. प्रेमानंदनं पांढऱ्या साड्यांची चमक उतरवली, भंतेजींचा आवाज वर आणला, बाजूची माणसं कापून नवरानवरी पडदाभर केली. स्वतःवर बेहद्द खूश झाला.

चौथ्या दिवशी आजीचा फोन आला. "बाबू, माहा ऋषी आला नाई का गा?"

ऋषी तिचा धाकटा. सात वर्षांपूर्वी थोरल्याशी, म्हणजे सुमतीच्या बापाशी, भांडून गेलेला. घरात त्याचं नाव काढायची सोय नव्हती. "पुतनीच्या लग्नाले तरी येईन म्हनून वाट पाहून राहिली मी. डाव्या भुवईवर खोक हाय त्याच्या."

प्रेमानंदनं मूळ चित्रण उघडलं. अगदी कडेला, कूलरपाशी, खोकवाला एक माणूस उभा होता. त्यानंच कापलेला. त्याला स्वतःची लाज वाटली.

नव्या प्रतीत नवरानवरी चौकटीबाहेर गेली आणि ऋषी एकटा पडदाभर आला. ती फोनवर पाठवायचं सोडून तो बस धरून खाप्याला गेला.

ऊन कललं होतं. कन्हान नदीकडून वारा येत होता. म्हातारीनं मोबाईल चांगल्या डोळ्याजवळ धरला आणि ती बोटानं ऋषीचे केस सारखे करू लागली. बोट लागलं की चित्र थांबे, पुन्हा लागलं की तो हले. किती वेळ गेला, दोघांनाही कळलं नाही.

"पिकला गा पोरगा," ती म्हणाली. मग डोळे पुसून, "जेवला का तो?"

प्रेमानंदनं सगळं चित्रण दोनदा पाहिलं होतं. वधूवरांवर फुलं पडली तसा ऋषी मागच्या दारानं निघून गेला होता.

"जेवला न, आजी. भात दोनदा घेतला त्यानं."