काटेमामांचं तोंडी वजन

काटेमामांचं खरं आडनाव काय, हे पगार काढणाऱ्या कारकुनाखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. ते वजनकाट्यावर बसत, म्हणून काटेमामा. गावाबाहेरच्या विमानतळावर त्यांची नोकरी. विमानतळ हा शब्द त्या जागेला जरा ढगळच व्हायचा. एक लांबोडकी खोली, दोन खिडक्या, कुरकुरणारा पंखा आणि काचेपलीकडे धावपट्टी, जिच्यावरून विमान उतरायच्या आधी शेळ्या हाकलाव्या लागत.

डावी खिडकी निळ्या कंपनीची, म्हणजे मामांची, उजवी पिवळीची. दोघींची विमानं एकाच शहराला जात आणि दोन्ही जेमतेम मिनीबसएवढी. एवढ्याशा विमानात कुणाला पुढे बसवायचं आणि कुणाला मागे, हे वजन बघून ठरवतात. म्हणून निळी कंपनी आधी बॅग काट्यावर ठेवायची आणि मग माणूस. जड बॅगेला जादा पैसे पडत, जड माणसाला पडत नसत. एका कापडवाल्या शेठने ही फट पहिल्याच खेपेला हेरली. तो चार शर्ट, दोन कोट आणि खिशात इस्त्री घालून यायचा. मामा म्हणायचे, "शेठ, घाम पुसायला एक हात तरी वाकता ठेवा."

दोन्ही कंपन्यांचं नातं सख्ख्या जावांचं. निळीने भाडं उतरवलं की दुपारपर्यंत पिवळी उतरवायची. पिवळीने चहा फुकट दिला की निळी सोबत बिस्किट द्यायची. असं करता करता भाडं बसच्या भाड्याला जाऊन टेकलं. त्याखाली जायचं तर प्रवाशालाच पैसे द्यावे लागले असते. तेव्हा पिवळीने शेवटचा हुकमी पत्ता टाकला. तिने आपल्या खिडकीवरचा काटा काढून टाकला. प्रवाशाने आपलं वजन तोंडानेच सांगायचं.

झालं. गाव उजव्या खिडकीला लोटलं. तिथे जो तो आपलं लग्नातलं वजन सांगू लागला. खिडकीवरची मुलगी वस्ताद. ती "अय्या, वाटत नाही हो" असं म्हणायची आणि समोरच्या ऐवजाकडे बघून आकड्यात आपल्या मनाने भर घालून टाकायची. विमान नीट उडायचं, माणसं खूश राहायची.

निळीच्या वैमानिकाला मात्र काट्याशिवाय चैन पडत नसे. इकडे मामांच्या काट्याचा आकडा भिंतीवर लाल दिव्यांत झळकायचा, सगळ्या खोलीला दिसेल असा. एका मास्तरीणबाईंचा आकडा झळकला आणि मागून कुणीतरी "बाप रे" म्हणालं, त्या दिवसापासून बाईंच्या घराण्यातलं कुणी निळ्यात बसलं नाही. आणि घराणं मोठं होतं, डोकी मोजली तरी आणि काट्यावर घातलं तरी.

महिनाभरात मुख्य कचेरीतून साहेबांचा फोन आला. "तुमचा काटा गिऱ्हाईक पळवतोय. सीटा भरल्या तर ठीक, नाहीतर खिडकी बंद. तुमची सोय मोठ्या विमानतळावर करू. तळघरात, सामानाच्या पट्ट्यावर."

बॅगा काही बोलत नाहीत, आणि मामांना तर माणूस बघितल्याशिवाय घास उतरत नसे. घरी येऊन ते भिंतीकडे बघत बसले. तेवढ्यात मामी नवे कपडे घालून पुढ्यात उभ्या राहिल्या.

"कसं दिसतंय?"

"बारीक दिसतेस," मामा म्हणाले. त्यांचं लक्षही नव्हतं.

पण त्या संध्याकाळी मामींनी न मागता दुसरा चहा दिला, उशी झटकून दिली, आणि मामांच्या घोरण्याबद्दलही अवाक्षर काढलं नाही. उशीवर डोकं टेकता टेकता मामांच्या डोक्यात प्रकाश पडला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीवरच्या दिव्यांची वायर काढली आणि काट्याचा छोटा स्क्रीन आपल्या बाजूला फिरवला. आता खरा आकडा फक्त मामांना दिसायचा. तो ते गुपचूप कॉम्प्युटरमध्ये घालायचे, आणि प्रवाशाला तोंडी जरा हात आखडून सांगायचे. "वा, मागच्या खेपेपेक्षा उतरलंय. चालता वाटतं रोज?" ज्याने उभ्या जन्मात फाटकापलीकडे पाऊल टाकलं नव्हतं, तोही म्हणायचा, "थोडंसं."

ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. मास्तरीणबाई घराण्यासकट परत आल्या. कापडवाले शेठ इस्त्री घरी ठेवून येऊ लागले. बॅगेचे जादा पैसे परवडले, पण आकडा बिघडायला नको. एक बाई तर सकाळी गेल्या आणि दुपारी परतल्या. मामांनी विचारलं, "काम झालं का?" त्या म्हणाल्या, "काम कसलं? परतीचं वजन तिकडच्या मेल्याने खरं सांगितलं." पिवळीवाली मुलगी रिकाम्या खिडकीत नखं रंगवत बसली. ती म्हणाली, "मामा, मीही तेच करते हो, फक्त उलटं. मी मनात वाढवते, तुम्ही तोंडाने उतरवता."

सगळं सुरळीत चाललं असतं, पण गावात एक डॉक्टर होते.

ते एका सकाळी तणतणत आले. "अहो, माझे पेशंट पथ्य सोडून विमानात बसायला लागलेत. मी वजन कमी करा म्हटलं, तर म्हणतात, तुमचा काटा बिघडलाय, विमानतळावर भरत नाही एवढं." डॉक्टर तेवढ्यावर थांबले नाहीत. निळ्या कंपनीचा काटा हलका दाखवतो, विमान पडेल, असं त्यांनी थेट साहेबांना कळवलं.

दोन दिवसांत साहेब हजर. बरोबर लोखंडी वजनांची पेटी. साहेबांची अंगलट अशी की आधी पोट आत आलं, मग टाय, मग साहेब. त्यांनी एकेक वजन काट्यावर ठेवून पाहिलं. काटा सोन्यासारखा चोख निघाला. साहेब चक्रावले, आणि बुटांसकट स्वतःच चढले.

सवय फार वाईट. मामा म्हणून गेले, "अठ्ठ्याण्णव, साहेब. तब्येत राखलीत."

साहेब खाली उतरले. "सकाळी बायकोने घरी तोललं, तेव्हा अनवाणी एकशे सात होतो."

मामांना तळघर दिसू लागलं.

"स्क्रीनवर काय आलं?"

"एकशे आठ."

"विमानाला काय सांगणार?"

"एकशे आठच. विमानाला काय वाईट वाटायचंय, साहेब?"

साहेबांनी खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि मामांच्या हातात दिला. "हिच्याशी बोला. काट्यावरचा माणूस म्हणून सांगा."

पलीकडून करडा आवाज आला. "ह्यांचं किती भरलं?"

मामांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब पंख्याकडे बघत होते.

"अठ्ठ्याण्णव, बाईसाहेब."

"बुटांसकट?"

"बुटांसकट."

"म्हणजे घरचाच बिघडलाय वाटतं. बरं, आज रात्री ह्यांना दुसऱ्यांदा वाढायला हरकत नाही." साहेबांनी डोळे मिटून घेतले. आवाज मात्र मऊ झाला होता. "तुम्ही त्या खिडकीवर नेहमी असता का हो? पुढच्या आठवड्यात मला तुमच्या गावी बहिणीकडे यायचंय. परतताना मी पिवळ्याने जाणार होते. पण तुम्ही असाल, तर निळ्याने जाईन म्हणते."

मामांनी फोनवर तळवा ठेवला. "साहेब, विचारतायत. पुढच्या आठवड्यात मी इथे असेन का?"

साहेब लोखंडी वजनं पेटीत भरू लागले. "असणार म्हणून सांगा," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून पुढे म्हणाले, "आणि तिचं सत्तरच्या वर जाऊ देऊ नका."